ब्रीडरनं विकलेला साप शेवटी कुठं पोचतो?

तासगावहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलानं विचारलंय: "पुण्यातल्या एका ब्रीडरकडून बॉल पायथनची (आफ्रिकेतल्या छोट्या, बिनविषारी अजगराची) जोडी घेऊन घरीच पैदास करायचा विचार आहे. सगळी पिल्लं चांगल्या घरात जातात असं तो सांगतो. सर, विकलेले साप खरंच जातात कुठं? कुणी माहिती ठेवतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही ठेवत. ब्रीडरकडं पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर असतो, फार तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ. त्यापुढं साप कुणाच्या हातात गेला हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायची त्याला हौसही नसते. पैसे आले, तक्रार आली नाही, एवढ्यावर तो "चांगल्या घरात गेली" म्हणतो.

पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल. मी सांगलीत पशुवैद्य आहे. गाई-म्हशी आणि कुत्री हा माझा रोजचा धंदा. जेसीबीत सापडलेल्या धामणी, मासेमारीच्या जाळ्यात गुरफटलेल्या दिवडी सर्पमित्र टाके घालायला आणायचे, त्यातून "हा डॉक्टर सापाला हात लावतो" असं नाव झालं. मग उशीच्या अभ्र्यातून, बुटाच्या खोक्यातून असे साप यायला लागले, ज्यांच्या वाडवडिलांनी कृष्णाकाठ कधी बघितला नव्हता. त्यांच्या मालकांना मी पहिल्यांदा विचारतो, हा तुमच्याकडं आला कुठून? थेट ब्रीडरकडून घेतलेला क्वचित असतो. "मित्राकडून", "एकजण दुबईला निघाला होता, त्यानं दिला", "इन्स्टावर दिसला" हीच उत्तरं जास्त. म्हणजे साप माझ्या टेबलावर येईपर्यंत दोन-तीन हात फिरून झालेला असतो.

असं होतं, कारण सापाचं आयुष्य मालकाच्या हौसेपेक्षा लांब असतं. नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो, कॉर्न स्नेक १५ ते २०. घेणारा असतो तुझ्या वयाचा. त्याची पदवी, नोकरी, हिंजवडीतली भाड्याची खोली, लग्न, पहिलं मूल, एवढं सगळं होऊन जातं तरी साप ऐन उमेदीत असतो. कुत्र्याला नाही म्हणणारा घरमालक सापाला कशाला हो म्हणेल? आणि आपल्याकडं मुलगी बघायला जाताना "घरात अजगर आहे" असं कुणी सांगत नाही. साखरपुड्याच्या आधीच त्याची गुपचूप रवानगी होते.

आता एकेका वाटेनं जाऊ.

सगळीच पिल्लं विक्रीपर्यंत पोचत नाहीत. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण ४ ते १० अंडी घालते आणि दोनेक महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. त्यातली काही पहिलं भक्ष्य घ्यायलाच तयार होत नाहीत. हाडाचा ब्रीडर त्यांच्यामागं महिना-दीड महिना घालवतो. बाकीचे तेवढा वेळ देत नाहीत. न खाणारी, कणा वाकडा असलेली किंवा रंगात "काही विशेष नाही" अशी पिल्लं फ्रीझरमध्ये जातात, नाहीतर साप खाणाऱ्या दुसऱ्या सापांच्या पुढ्यात टाकली जातात. हे जगभर चालतं. ज्यांच्याशी सलगी होते तेच ब्रीडर ते कबूल करतात, दुकानाच्या पानावर कुणी लिहीत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर 'स्पायडर' नावाच्या मॉर्फबद्दल, म्हणजे पैदाशीतून काढलेल्या रंगप्रकाराबद्दल, सांगतो. नक्षी देखणी असते, पण तो रंग देणारं जनुक आतल्या कानातही बिघाड करतं. साप मान वेडीवाकडी फिरवतो, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, कधी पाठीवर उलटा पडून राहतो. फोटोत यातलं काही दिसत नाही. "डोक्याला मार लागलाय का बघा" म्हणून असा साप घेऊन आलेल्या माणसाला हे जन्मजात आहे आणि त्यावर औषध नाही हे पटवायला मला बराच वेळ लागला होता. त्यानं तो पुढं दुसऱ्याला दिला. विकला असणार असा मला संशय आहे, आणि मानेबद्दल काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

सगळ्यात मोठी वाट घरातच संपते. साप कुठंही जात नाही, पेटीतच हळूहळू संपतो. लोकांना हे खरं वाटत नाही, म्हणून जरा खोलात जातो.

कुत्रं उपाशी ठेवलं तर ते रात्रभर भुंकतं, शेजारी बोंब मारतात. साप ओरडत नाही. त्यात बॉल पायथनची खोड अशी की धडधाकट असतानाही तो काही महिने खाणं सोडतो, विणीच्या हंगामात नर तर हमखास. हे नेटवर वाचलेलं असल्यानं मालक निर्धास्त असतो. "सर, उपास चाललाय त्याचा," असं मला हसत सांगतात. टेबलावर सोडला की दिसतं, पाठीचा कणा छपराच्या आढ्यासारखा वर आलेला असतो आणि दोन्ही बाजूंची कातडी आत ओढलेली. चिमटीत धरलेली घडी सोडली तरी तशीच उभी राहते, म्हणजे पाणीही कमी पडलंय. हनुवटीखालच्या खवल्यांच्या फटीत आणि डोळ्याच्या कडेला काळे हलते ठिपके दिसतात, ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. त्यातले बरेच पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मेलेले असतात आणि मालकाला ती माती वाटलेली असते. डोळ्यावर मागच्या दोन-तीन कातींचे पापुद्रे साचून डोळा धुरकट झालेला. तोंड उघडलं की तार धरणारा चिकट स्राव आणि श्वासाला बारीक शिटी, हा फुप्फुसाचा संसर्ग. चुकीच्या तापमानात ठेवलेल्या सापाचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि त्याच्या मागं विषाणू असेल तर पेटीशेजारच्या पेट्याही गेल्या म्हणून समजा.

सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश लागतं, हवेत ओलावाही लागतो. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे पारा १२-१४पर्यंत उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत चाळिशी पार करतो. त्यावर लाइट जाते ती वेगळीच. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला गरमी आपोआप बंद करणारं यंत्र) न लावता नुसतं हीट पॅड दिलं की पोटाखालचे खवले भाजतात. सापाला ती आच वेळेत कळत नाही, तो तिथंच पडून राहतो. पिवळट फोड आणि सोललेलं पोट बघून मालक विचारतो, "हे कात टाकतोय का?"

खाण्याचीही तीच तऱ्हा. पांढरे उंदीर सांगली-मिरजेत दर आठवड्याला मिळतीलच याची खात्री नाही. मग कुणी धान्याच्या गोदामातला उंदीर पिंजऱ्यात धरून टाकतो. त्या उंदरानं आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरातलं विष खाल्लेलं असतं. जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडून मालक झोपी जातो, साप भुकेला नसतो, आणि उंदीर मात्र असतो. उंदरानं पाठ कुरतडून मणके उघडे केलेला बॉल पायथन मी टाके घालून वाचवला आहे. त्याचा दुसरा मालक तो न्यायला आलाच नाही, तिसरा मी शोधून दिला.

पुढची वाट धंद्याची आहे आणि तुझा प्रश्न खरं तर तिथलाच आहे. पाळायला म्हणून घेणारे थोडे, "यातून पैसा करू" म्हणून घेणारे पुष्कळ. अमेरिकेत १९९२ मध्ये पहिल्यांदा अल्बिनो बॉल पायथनची पैदास झाली तेव्हा तो चैनीचा माल होता. आज तोच रंग हौशी बाजारात सर्रास मिळतो, कारण प्रत्येक गिऱ्हाईक पुढच्या हंगामात विक्रेता होतो. इमूचं काय झालं ते तुझ्या वडलांना विचार. पक्षी विकणाऱ्यांनी कमावलं, पाळणाऱ्यांच्या गळ्यात पक्षी राहिले.

हिशोब कागदावर मांडून बघ. दहा माद्या, मादीमागं सहा पिल्लं, वर्षाला ६०. दहा वर्षांत ६००, आणि त्यातलं पहिल्या वर्षीचं पिल्लूही त्या वेळी निम्म्या आयुष्यातसुद्धा पोचलेलं नसेल. सांगली, कोल्हापूर, सातारा धरून २० वर्षं साप सांभाळणारी ६०० घरं तू दाखवू शकशील का? शिवाय निम्मे नर निघणार. पैदाशीला चार-पाच माद्यांत एक नर पुरतो, त्यामुळं ते नर स्वस्तात, "पेटीसकट घेऊन जा" अशा बोलीवर, नववी-दहावीतल्या पोरांच्या हातात जातात. माझ्याकडं येणाऱ्या सापांत नर का जास्त असतात, हे या हिशोबात आहे.

मग येतात पळालेले आणि सोडून दिलेले. साप फटीतून निसटण्यात वस्ताद. सरकत्या काचेत बोटभर फट राहिली तरी पुरते. ब्रिटनमधली आरएसपीसीए ही प्राणी संस्था दर उन्हाळ्यात पेट्यांना कुलूप लावा म्हणून सांगत असते, कारण ऊन वाढलं की साप चपळ होतात आणि पळतात. तिकडं पळालेला साप सापडला की संस्थेला फोन जातो. आपल्याकडं आधी काठी येते.

यातली गोम आपल्या भागात जास्त घातक आहे. बॉल पायथन म्हणजे आखूड, जाड, तपकिरी अंगावर फिकट ठिपके आणि त्रिकोणी वाटणारं डोकं. गावातला माणूस त्याला बघून काय म्हणेल? घोणस! कवलापूरच्या द्राक्षबागेत किंवा पलूसच्या उसाच्या बांधावर तो दिसला तर संध्याकाळपर्यंत जिवंत राहायचा नाही. जाणकार सर्पमित्रही लांबून त्याला डुरक्या घोणस (हा नावापुरता घोणस, बिनविषारी साप) समजेल. पण मला मेलेल्या सापापेक्षा जास्त भीती उलट्या चुकीची वाटते. ज्या पोरानं सहा महिने बॉल पायथन गळ्यात घालून फोटो काढलेत, त्याला शेतात पडलेली घोणस "अजगराचं पिल्लू" वाटते. घोणशीला अजगर समजून हात घालणारे लोक आधीच कमी नाहीत, आणि घोणशीचा दंश म्हणजे रक्त गोठण्याची यंत्रणाच ढासळते, पुढं मूत्रपिंडं जातात. साप हाताळायची भीड घरात मोडली की ती शेतातही मोडते.

"जंगलात सोडला, मोकळा झाला," असं छातीठोक सांगणारेही भेटतात. सागरेश्वरात किंवा चांदोलीच्या वाटेवर नेऊन सोडलेला आफ्रिकेतला साप मोकळा होत नाही. तो थंडीनं, उपासानं किंवा मुंगसाच्या तोंडी मरतो. बॉल पायथन आपल्याकडं जंगलात बस्तान बसवेल असं मला वाटत नाही, पण प्रत्येक जातीबद्दल तशी खात्री देता येत नाही. स्पेनच्या ग्रॅन कॅनेरिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले आणि आता जिथं ते पसरलेत तिथून त्या बेटावरचा मोठा सरडा जवळपास नाहीसा झालाय. त्यांत पांढरे अल्बिनोही सापडतात, म्हणजे मूळ कुठल्या तरी ब्रीडरच्या टबात आहे. फ्लोरिडातले बर्मीज पायथन सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्याबरोबर फुप्फुसातला एक परजीवी तिकडच्या स्थानिक सापांत शिरला, हे फारसं कुणी सांगत नाही. साप जगो वा मरो, त्याच्या अंगावरचं आणि पोटातलं मागं राहू शकतं. आपल्या रानातल्या अजगरांना ते कशाला द्यायचं?

राहिला कायदा. इथं बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून तारखांसकट लिहितो. आपले देशी साप, म्हणजे नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पाळणं हा गुन्हा आहे, मग पिल्लू घरात जन्मलं असो वा नसो. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीची जिवंत नागांची मिरवणूकसुद्धा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंद झाली, तिथं तुझी-माझी काय कथा. विदेशी सापांबद्दल बरीच वर्षं मोकळं रान होतं. जून २०२० मध्ये केंद्रानं ऐच्छिक माहितीची योजना आणली. सहा महिन्यांत माहिती दिली तर साप आणला कुठून याची कागदपत्रं मागितली जाणार नव्हती. मग २०२२ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ला लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या जाती त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आल्या. बॉल पायथन आणि बोआ त्यात आहेत, कॉर्न स्नेक नाही. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश २.० या पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायला सांगितली. ताबा, जन्म, मृत्यू आणि हस्तांतर या सगळ्यांची नोंद लागते. म्हणजे नियमाप्रमाणं बॉल पायथन कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला हे सरकारी दप्तरात दिसायला हवं. माझ्याकडं येणाऱ्यांना मी नोंदीचा कागद विचारतो तेव्हा बहुतेक जण माझ्याकडंच बघत राहतात.

"कॅप्टिव्ह ब्रेड आहे (म्हणजे रानातून धरलेला नाही, पाळीव सापांपासून पैदास केलेला), काळजी नको" हे वाक्यही तपासून घे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडं बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. तसला माल पकडला गेला नाही तर तो पुढं कुठल्या नावानं विकला जात असेल, अंदाज कर. आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन इथं रानातल्या अंड्यावर आलेल्या माद्या धरून त्यांची अंडी शेडमध्ये उबवतात आणि पिल्लं निर्यात करतात. जन्म शेडमधला, आई रानातली.

वनखात्यानं धाड टाकून जप्त केलेल्या सापांचं पुढं काय? पंचनामा होतो, मग ते मुद्देमाल ठरतात. विमानतळावर पकडलेले बऱ्याचदा आल्या विमान कंपनीकडून परत पाठवले जातात. गावात पकडलेले बचाव केंद्रात नाहीतर प्राणीसंग्रहालयात. पण तिथली जागा आधीच देशी प्राण्यांनी भरलेली असते, आणि कुणाच्या घरचा नको झालेला साप प्राणीसंग्रहालय सहसा घेत नाही. "नाहीच जमलं तर कात्रजला देऊ" हा बेत करून साप घेणाऱ्यांनी तो आजच मनातून काढावा.

आता तुझ्यापुरतं. जोडी आणू नकोस. पैदाशीचा विचार निदान एक साप पाच वर्षं सांभाळून झाल्यावर कर. त्या ब्रीडरला तीन गोष्टी विचार: परिवेशवरची नोंद दाखवाल का, हस्तांतर माझ्या नावावर कराल का, आणि दहा वर्षांनी मला जमलं नाही तर साप परत घ्याल का, तेही लेखी. तिसऱ्या प्रश्नाला जो "बघू की त्या वेळी" म्हणतो, त्याला त्याची पिल्लं कुठं आहेत हे माहीत नसतं आणि तुझीही तो विचारणार नाही. हो म्हणणारे ब्रीडर आहेत. ते थोडे आहेत, पिल्लं कमी काढतात आणि भाव जास्त सांगतात. मी कुणाला नाव सुचवायचं झालं तर त्यांचंच सुचवतो.

हौस खरीच असेल तर नोंद असलेला, कुणाला तरी नको झालेला प्रौढ नर घे आणि हस्तांतर रीतसर कर. तो खातो की नाही, मान सरळ धरतो की नाही, हे प्रौढ सापात डोळ्यांनी दिसतं. घरी आणल्यावर दुसरा साप असेल तर दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेव. कागद नसलेला साप आधीच घरात असेल, तर तो रातोरात कुणाच्या गळ्यात मारू नकोस आणि सागरेश्वरालाही नेऊ नकोस. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन कर किंवा रेंज ऑफिसला जाऊन लेखी दे.

आणि काहीही करण्याआधी नुसती पेटी आण. थर्मोस्टॅट लावून महिनाभर रिकामी चालव, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला दोन्ही टोकांचं तापमान वहीत लिही. तुमच्या वरच्या खोलीवर पत्रा असेल तर हे मे महिन्यात कर. थंड टोक २७पर्यंत उतरत नसेल तर त्या खोलीत बॉल पायथन ठेवता येणार नाही. पूररेषेत घर असलेल्यांनी आणखी एक बघावं, २०१९सारखं पाणी चढलं तर माणसं आणि जनावरं हलवताना ती पेटी कोण उचलणार, आणि ज्या पाहुण्यांकडं जाणार ते साप आत घेणार का. तुझं तासगाव उंचावर आहे, तुला ती चिंता नाही.